६० कार्डं, ४२ तोंडं : इंग्रजीच्या तासासाठी घेतलेल्या एका पेटीबद्दल

माझा इंग्रजीचा तास ३५ मिनिटांचा आणि वर्गात मुलं ४२. मी हजेरी घेतली नाही, एक शब्द बोलले नाही आणि नुसतं एकेकाला उभं करून बोलतं केलं, तरी प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर ५० सेकंद येतात. म्हणून वर्गात करून घ्यायच्या कृतींची कुठलीही पेटी, पुस्तिका किंवा ॲप हातात आलं की मी एकच गोष्ट मोजते : या क्षणी किती तोंडं इंग्रजी बोलताहेत? 'मजा आली का' हे त्यानंतर. मजा तर मुलांना फळा पुसतानाही येते.

ही पेटी मी सहावीच्या वर्गात सहा महिने वापरली. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच धर्तीच्या पेट्या बऱ्याच निघतात आणि मला सांगायचंय ते बहुतेकींना लागू पडेल. आत ६० कार्डं, चित्रांचे चार फासे, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि एक माहितीपत्रक. कार्डं जाड आहेत, कोपरे गोल केलेले आहेत, पण पाठकोरी. सूचना पुढच्या बाजूला इतक्या बारीक अक्षरात कोंबल्यात की चष्मा लावूनही कार्ड डोळ्यांशी न्यावं लागतं, आणि मागची अख्खी बाजू रिकामी. असं का केलं असेल कुणास ठाऊक. पत्रकावर ठळक लिहिलंय, 'पूर्वतयारी शून्य'. पहिल्याच आठवड्यात मी २१ जोड्यांसाठी चित्रांच्या झेरॉक्स काढून कात्रीनं कापत बसले होते. पूर्वतयारी शून्य छापणाऱ्याची असावी.

सगळ्यात आधी तीन कार्डं बाजूला काढली, ती एक-एक अक्षर ओळखून शब्द पुरा करण्याची. मुलांना हा खेळ भयंकर आवडतो, पण त्यात कुणी वाक्य बोलत नाही. एक मूल अक्षर सांगतं, बाकीचे श्वास रोखून बघतात. तासाची शेवटची चार मिनिटं उरली असतील तर ठीक. शब्दकोड्यांची पाच कार्डंही त्याच गठ्ठ्यात गेली. तिथं तर तोंडं मिटलेलीच असतात.

आता या पेटीतलं सोनं. एका कार्डाला मी 'पळतं श्रुतलेखन' म्हणते. उतारा वर्गाबाहेरच्या भिंतीवर चिकटवायचा. जोडीतल्या एकानं पळत जाऊन वाक्य वाचायचं, डोक्यात ठेवायचं, परत येऊन सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं. कार्डावर आठ ते दहा वाक्यांचा उतारा सुचवलाय. तसा घेऊ नका. चौथ्या वाक्याला पळणारा दमतो आणि मग दारातूनच ओरडून सांगायला लागतो. मी चार वाक्यं ठेवली आणि दोन वाक्यांनंतर भूमिका बदलायला लावल्या. एकवीस तोंडं एकाच वेळी चालू, एकवीस कान टवकारलेले, आणि शेजारच्या वर्गावरच्या बाई दारात येऊन उभ्या. आवाज होतो, हे मान्य.

पण या कार्डाची खरी कमाई पळण्यात नाही, नंतरच्या ताडून पाहण्यात आहे. मूळ वाक्य होतं, 'द बॉय वॉक्ड टू द डोअर अँड ओपन्ड इट'. निम्म्या वह्यांत 'बॉय वॉक टू डोअर अँड ओपन इट' आलं. मराठीत 'द'ला जोडीदारच नाही, त्यामुळे भिंतीपासून बाकापर्यंत येताना तो वाटेत गळतो. पळणाऱ्यानं तो डोळ्यांनी वाचलेला असतो, पण डोक्यानं सामान म्हणून उचललेला नसतो. क्रियापदांचं तसंच. लिहिताना शेवटी सारखीच दोन अक्षरं, पण उच्चार तीन : 'वॉक्ड'च्या शेवटी 'ट', 'ओपन्ड'च्या शेवटी 'ड', 'वॉन्टेड'च्या शेवटी 'इड'. एकानं ऐकलं तसं 'वॉक'ला 'टी' जोडून लिहिलं. चूक खरी, पण कान शाबूत असल्याचा तो पुरावा, म्हणून मी त्याला शाबासकी दिली आणि मगच भिंतीपाशी पाठवलं. मी १६ वर्षं लाल पेनानं जे 'द' भरत आले, ते त्या दिवशी मुलांनी स्वतः जाऊन शोधले.

दुसरं सोनं म्हणजे दोन चित्रांमधले फरक शोधण्याची कार्डं. अशी सहा आहेत. एकाजवळ एक चित्र, दुसऱ्याजवळ जवळजवळ तेच, फरक दहा. चित्र दाखवायचं नाही, फक्त विचारायचं. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत 'बाई, हा दाखवतोय!' अशा तक्रारी सुरू झाल्या. कार्डात न लिहिलेला उपाय : पाठीला पाठ लावून बसवा. आणखी एक गोष्ट कार्ड सांगत नाही. लागणारे प्रश्न आधी फळ्यावर हवेत, 'इज देअर अ...?', 'हाउ मेनी...?', 'व्हेअर इज द...?' इतके तीन पुरतात. ते नसले तर दहाही फरक मराठीत सापडतात आणि सगळे खूश होतात, भाषा सोडून.

एका चित्रात टेबलाच्या वर, हवेत, एक पक्षी होता. मुलगी म्हणाली, 'बर्ड इज ऑन द टेबल'. जोडीदाराच्या चित्रात पक्षी खरोखरच टेबलावर बसलेला. दोघांनी ठरवलं, फरक नाही, आणि पुढे गेली. उत्तरपत्रिकेत तो सातवा फरक होता. आपल्याकडे 'टेबलावर' आणि 'टेबलाच्या वर' यांतला भेद एका 'च्या'वर निभावतो. इंग्रजीत शब्दच बदलतो, 'ऑन' आणि 'अबव्ह'. शब्दयोगी अव्ययांच्या धड्यात मी हे तीनदा सांगितलं होतं. त्या दिवशी एक गुण गेला आणि पुढच्या तासाला ती मुलगी स्वतःहून 'नॉट ऑन, अबव्ह' असं जोडीदाराला बजावत होती. इथं भाषा चुकली की काम अडतं, आणि त्यामुळेच ही कृती चालते. एकाला माहीत आहे, दुसऱ्याला नाही, आणि मधली दरी फक्त बोलूनच भरता येते. ६० पैकी जी कार्डं चालली त्या बहुतेकांत ही दरी होती. उरलेल्यांत मुलं एकमेकांना ठाऊक असलेलंच सांगत होती. निळा शर्ट समोर दिसत असताना 'व्हॉट कलर इज युवर शर्ट' विचारण्यात मुलालाही काही राम वाटत नाही.

'असा कोण आहे ते शोधा' हे कार्ड बहुतेक इंग्रजी शिक्षकांना ठाऊक असेल. तक्ता घेऊन वर्गभर फिरायचं, पोहता येणारा, मांजर पाळणारा, काल लवकर झोपलेला असा एकेक शोधून त्याचं नाव लिहायचं. पेटीतला तक्ता छान आहे, पण माझ्या वर्गात त्याची पाच मिनिटांत सह्यांची मोहीम झाली. मुलं कागद पुढे करत होती, समोरचा वाचून सही करत होता, बोलणं शून्य. दुसऱ्या वेळी नियम केला : कागद बाकावर राहील, फिरायचं रिकाम्या हातानं, नाव लिहायला परत यायचं. मग प्रश्न तोंडात आले आणि ते कसे घसरतात तेही कळलं. 'कॅन यू स्विम' सगळ्यांना जमतं. 'डू यू हॅव अ कॅट' अडखळत जमतं. 'स्लेप्ट अर्ली'चा प्रश्न करताना मात्र वर्गाच्या चारी कोपऱ्यांतून 'डिड यू स्लेप्ट'. भूतकाळ एकदा 'डिड'नं उचलला की क्रियापदानं पुन्हा उचलायचा नसतो, हा पुढचा आख्खा तास मला आयता मिळाला.

फळ्याकडे पाठ करून बसलेल्याला शब्द ओळखायला लावायचं कार्ड छापलंय तसं वापरलं तर दोन खुर्च्या, दोन संघ, आणि पाच-सहा दांडगी मुलं सगळ्यांचं बोलून घेतात. तेच जोड्यांत करा. निम्म्या मुलांना फळ्याकडे पाठ करायला लावा, काम झालं.

फाशांबद्दल निराशा. चार फासे, प्रत्येकी सहा चित्रं, म्हणजे १२९६ जुळण्या. पत्रकावर हा आकडा मोठ्या दिमाखात छापलाय. प्रत्यक्षात मुलं फासे टाकतात आणि म्हणतात, 'धिस इज अ बोट. धिस इज अ की.' १२९६ जुळण्यांतून वाक्य एकच. मी अट घातली की 'बिकॉज', 'बट' आणि 'सो' यांतले दोन शब्द आलेच पाहिजेत. तेव्हा कुठे 'द मॅन लॉस्ट द की, सो ही स्लेप्ट इन द बोट' असं काहीतरी निघालं. ही अट कार्डावर असायला हवी होती.

घड्याळ एक मिनिटाचं म्हणून दिलंय, मोजलं तर ४८ सेकंदांत रिकामं होतं. तरी पेटीतली ही वस्तू मी सगळ्यात जास्त वापरली, तीही मुलांसाठी नव्हे. अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं आढळलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांबतात. तीन सेकंद म्हणजे काय ते मला घड्याळ समोर उलटं करून ठेवल्यावर कळलं. वाळूकडे बघत बसलं की माझं तोंड आपोआप बंद राहतं.

आता माझ्याच मोजमापाविरुद्ध एक गोष्ट. मागच्या बाकावरची एक मुलगी जूनपासून इंग्रजीत एक शब्द बोलली नव्हती. जोडीत बसवली की जोडीदार बोलायचा. पेटीत आज्ञा पाळण्याची चार कार्डं आहेत. मी ती 'पहिलीसाठी' म्हणून ठेवून दिली होती. मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांची ही पद्धत तशी जुनी, १९६०च्या दशकातली : आधी ऐकून अंगानं उत्तर द्यायचं, बोलणं पुढे येतं तेव्हा येतं. एका पावसाळी तासाला वर्ग पेंगत होता म्हणून ती काढली. 'पुट युवर पेन अंडर युवर फ्रेंड्स बुक.' सगळ्यात आधी तिचं पेन गेलं. 'टर्न अराउंड ट्वाइस.' बरोबर दोनदा. तिला सगळं कळत होतं, आणि माझ्या हिशोबात ती शून्यावर होती. ती अजूनही फारसं बोलत नाही, पण आज्ञा देण्याची पाळी आली की कागदावर लिहून शेजारणीकडून वाचून घेते.

कृती समजावून सांगण्याबद्दल कार्डांचा आग्रह आहे की तेही इंग्रजीतच करा. मी करत नाही. इंग्रजीतून नियम सांगायला नऊ मिनिटं लागतात आणि खेळायला सहा उरतात. मराठीत एक वाक्य सांगायचं, दोन मुलांना पुढे बोलावून करून दाखवायचं, आणि मग इंग्रजी. तत्त्वाला धरून बसणाऱ्यांना हे पटणार नाही.

घ्यावी का? वर्गात मुलं १५च्या आत असतील तर बहुतेक कार्डं जशीच्या तशी चालतील. चाळिसाच्या वर्गासाठी ६० पैकी २२ कार्डं कामाची, त्यातली १४ दुरुस्त्या करून. नव्या शिक्षकांनी आधी ती फरकांची सहा आणि पळतं श्रुतलेखन काढावं. कात्री आणि झेरॉक्सची सोय नसेल तर मात्र विचार करून घ्या.

माझी उरलेली कार्डं वाया गेली नाहीत. रिकाम्या मागच्या बाजूंवर आता मुलंच फरकांची चित्रं काढताहेत, दोन-दोनच्या जोड्यांत. काल एकानं सोळा फरक असलेली जोडी आणून दिली. त्यातले तीन मला अजून सापडलेले नाहीत.