खताच्या गोणीची बॅग, तीन महिने वापरून मग लिहितेय

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत दोघी ताई जुन्या साड्या, गोण्या, फ्लेक्स असल्या सामानाच्या बॅगा, जॅकेटं शिवून देतात. माझ्याकडे आईची येवल्याची पैठणी होती, घड्यांवर चिरलेली, म्हणजे अंगाचं रेशीम गेलेलं पण काठ अजून जसेच्या तसे, आणि दिंडोरीला भावाच्या द्राक्षबागेत खताच्या रिकाम्या गोण्या पडून असतात त्यातल्या दोन उचलून नेल्या.

ताईंनी आधी मापं वगैरे काही घेतलीच नाहीत, गोणी उजेडात धरली आणि नखानं खरवडली, एकीचा लगेच भुगा पडायला लागला. म्हणाल्या, "ही उन्हानं जळलीय, हिची बॅग नका करू, पैसे वाया जातील." तिथेच मला पटलं की यांना सामान कळतं. गोणी प्लास्टिकच्या पट्ट्यांची विणलेली असते, कात्रीनं कापली की कडेनं सुटत जाते, म्हणून त्या तापवलेल्या पात्यानं कापतात म्हणजे कड वितळून बसते. टाका मुद्दाम लांब, कारण बारीक टाका घातला तर भोकांची रांग होते आणि तिथूनच फाटतं. आणि टाचणी अजिबात नाही, क्लिपा लावतात, कापडाचं भोक बुजतं प्लास्टिकचं बुजत नाही. इतकी वर्षं घरी शिवण करतेय, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं!!

मला काठ पट्ट्याला हवा होता पण त्यांनी नाही म्हणून सांगितलं, खांद्यावर घासून जरीचे धागे निघतील. मग काठ बॅगेच्या वरच्या पट्टीला घेतला आणि पट्टा लावला गाडीच्या जुन्या सीटबेल्टचा, भंगारातून आणलेला, भाजीचं पाच किलो वजन आरामात पेलतो. गोणीवरची छपाई तिरपी कापलीय त्यामुळे फक्त हिरवं पान आणि अर्धी अक्षरं दिसतात, काठाच्या जांभळ्याशेजारी इतकं सुंदर दिसतं ना! पैठणीचे उरलेले तुकडे सुती कापडावर धावदोऱ्यानं गोधडीसारखे बसवून एक छोटं पाकीट पण दिलं, ते आईनं ठेवून घेतलं.

आता तक्रारी. तीन आठवडे सांगून साडेपाच लागले आणि दरवेळी फोन मलाच करावा लागला. चेनचा रनर दुसऱ्या आठवड्यात निघाला, बदलून दिला फुकट, पण शिवतानाच चांगला लावायला हवा होता. अस्तर काळं आहे, आत किल्ली सापडत नाही, तुम्ही फिकट मागा.

८५० रुपये घेतले, एवढ्या हातकामाला मला ते रास्त वाटले. गोणी घरूनच उलटी करून दोन-तीन पाण्यातून काढून, सावलीत वाळवून न्या, नाहीतर खताचा वास राहतो. बॅग ओल्या फडक्यानं पुसायची, आणि चुकूनही इस्त्री लावू नका, लगेच आकसते. सोमवारी बंद असतं.