कात्रज–कोंढणपूर–सिंहगड फेरी: पाय चढावर, डोकं उतारावर

पुण्यातले बहुतेक सायकलवाले सिंहगडाला खडकवासल्याकडून जातात आणि त्याच रस्त्यानं परत येतात. त्याला फेरी म्हणता येत नाही. फेरी करायची तर स्वारगेटहून कात्रजचा जुना घाट, बोगद्यापलीकडे शिंदेवाडी, तिथून महामार्गानं खेड शिवापूर, उजवीकडे वळून कोंढणपूर, मग सिंहगडाचा वाहनतळ, आणि उतरताना गोळेवाडी, डोणजे, खडकवासला, सिंहगड रस्ता. अंतर साधारण 75 किलोमीटर, एकूण चढाई अकराशे ते बाराशे मीटर. आकडे ऐकून फार वाटत नाही. पण दुसरा मोठा चढ पस्तीस किलोमीटर झाल्यावर, ऊन चढायला लागल्यावर समोर येतो. ही फेरी अवघड आहे ती या क्रमामुळे.

उलट दिशेनं, म्हणजे खडकवासल्याकडून आधी, अनेकजण जातात. त्यात सिंहगडाचा पूर्ण चढ ताज्या पायांनी मिळतो, एवढा एकच फायदा. बदल्यात कोंढणपूरचा अरुंद रस्ता उतारावर येतो, महामार्ग ट्रकांच्या वेळेला येतो आणि जुना घाट संपताना कात्रजची साडेनऊ-दहाची गर्दी अंगावर येते. कात्रज आधी घ्यावा. गोळेवाडीपासूनचा पूर्ण चढ हवाच असेल त्यांनी कोंढणपूरचा रस्ता सिंहगडाच्या घाटाला मिळतो त्या फाट्यावरून आधी खाली गोळेवाडीपर्यंत उतरावं आणि तिथून वळून वर यावं. आठ-नऊ किलोमीटर वाढतात, पण दिशा सुटत नाही.

कात्रज चौक साडेपाचच्या आत मागे पडला पाहिजे. त्यानंतर एसटी, खासगी बस आणि भाजीचे टेम्पो एकदम सुरू होतात. प्राणिसंग्रहालय ओलांडलं की चढ हळूहळू उभा राहतो. जुना घाट हा पुण्याच्या आसपासचा सगळ्यात समजूतदार घाट म्हणावा असा आहे. वळणं रुंद, चढ सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास, मध्येच भिंत होत नाही. म्हणूनच इथे लोक फसतात. गार हवा, रिकामा रस्ता, सोबतीला दोन-चार सायकली, आणि मग सगळे जोरात सुटतात. इथे श्वास इतकाच लागावा की पूर्ण वाक्य बोलता येईल. बोगदा लहान आहे, पण मागून येणाऱ्या गाडीला काळ्या कपड्यातला सायकलस्वार आत दिसत नाही. मागचा लाल दिवा आधीच चालू असावा, पुढचा तीनशे लुमेनपेक्षा कमी नसावा.

बोगद्यानंतर शिंदेवाडीचा उतार आणि महामार्गाचा संगम. फेरीतली पहिली खरी धोक्याची जागा ही. नव्या बोगद्यातून येणारी वाहनं उताराच्या वेगात असतात आणि जुन्या घाटातून कोणी येतंय याची त्यांना कल्पना नसते. थांबून मागे पाहूनच शिरावं. पुढचे सात-आठ किलोमीटर या फेरीतले सगळ्यात कंटाळवाणे. जिथे सेवारस्ता आहे तिथे तो धरावा, मात्र त्यावर उलट दिशेनं येणाऱ्या दुचाकी गृहीत धरूनच. महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रकटायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात. त्या टायरमध्ये घुसून बसतात, हवा लगेच जात नाही, आणि पंक्चर कळतं ते कोंढणपूरला. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट हळूच फिरवून तार शोधली नाही, तर दुसरी ट्यूबही वीस मिनिटांत जाते. दोन ट्यूब न्याव्यात, शिवाय पॅच.

खेड शिवापूरहून उजवीकडे वळलं की फेरी सुंदर होते. कोंढणपूरपर्यंत सात-आठ किलोमीटर वरखाली जाणारा रस्ता, दोन्हीकडे शेती, आणि उजव्या हाताला कात्रजपासून सिंहगडापर्यंत गेलेली डोंगररांग. ट्रेकवाले जिच्यावरून रात्रीत चालत जातात तीच ही रांग. आपण तिला पायथ्यापायथ्यानं वळसा घालतोय हे इथे कळतं. गडावरचा टॉवरही दिसायला लागतो आणि फार लांब दिसतो. कोंढणपुरात तुकाईचं देऊळ आहे. पाण्याच्या बाटल्या इथे पुन्हा भराव्यात, कारण यापुढे गडावर पोहोचेपर्यंत पाण्याची खात्री धरू नये. साडेसातशे मिलीच्या दोन बाटल्या, त्यातल्या एकीत ओआरएस. उन्हाळ्यात दोन्ही रिकाम्या होऊनच इथे पोहोचतात.

कोंढणपूरनंतर रस्ता अरुंद, कडा तुटलेल्या आणि चढ अनियमित. थोडं सपाट, मग एकदम उभं, पुन्हा सपाट. लय बसत नाही. सपाट दिसलं की वेग वाढवायचा मोह होतो, तो आवरावा. फाट्यावर हा रस्ता सिंहगडाच्या घाटाला साधारण मध्यावर मिळतो, आणि तिथून वरचे चार-पाच किलोमीटर म्हणजे या फेरीचा खरा हिशोब. गोळेवाडी ते वाहनतळ हा अख्खा घाट जवळपास नऊ किलोमीटरचा, सरासरी साडेसहा-सात टक्क्यांचा. सरासरी मात्र फसवी आहे. आतल्या बाजूनं घेतलेलं वळण दहा-बारा टक्क्यांवर सहज जातं. वर जाताना वाहन नसेल तेव्हा वळण रुंद घ्यावं, आतली बाजू सोडून द्यावी.

इथे गिअरचं गणित शूरपणापेक्षा जास्त कामाचं. पुढच्या चकतीला 34 आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला 28 दाते असतील तर पेडलच्या मिनिटाला 60 फेऱ्यांवर वेग ताशी साधारण 9 किलोमीटर होतो. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो धरले तर सात टक्क्यांवर त्यासाठी 160 वॉटच्या आसपास लागतात आणि बारा टक्क्यांवर अडीचशेच्या वर. जुन्या रेसिंग सायकलवर 39 आणि 25 असेल तर बारा टक्क्यांवर त्याच फेऱ्यांसाठी सव्वातीनशेच्या पुढे. इतकं कोण किती वेळ देणार? मग फेऱ्या चाळीसवर येतात, गुडघे बोलायला लागतात, सॅडल चुकीचं असेल तर कंबरही. मागे 32 किंवा 34 दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बसवून घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण नुसती कॅसेट बदलून चालत नाही. शिमानो 105 या गिअरसंचाच्या आर7000 मालिकेत आखूड केजचा (चेन ताणून धरणाऱ्या दांडीचा) मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, 30 दात्यांपर्यंतच घेतो, 34 साठी लांब केजचा लागतो. चेनही लांबवावी लागते. चेन जुनीच ठेवली आणि चुकून पुढची मोठी आणि मागची मोठी चकती एकत्र लागली, तर डिरेलर ताणला जाऊन त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर वाकतो. आणि डिरेलरचा बी-स्क्रू पिळून त्याची वरची पुली (चेन जिच्यावरून फिरते ते छोटं चाक) मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीपासून मोकळी केली नाही, तर नेमक्या सगळ्यात उभ्या वळणावर घरघर सुरू होते.

खाण्याचं सोपं आहे: तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक-दोन केळी किंवा चिक्कीचे तुकडे, आणि ते भूक लागण्याआधी. कोंढणपूरला पोटभर पोहे खाऊन घाट चढणं ही चूक. वाहनतळाजवळ माकडं असतात, हँडलबारच्या पिशवीची चेन उघडी ठेवू नये.

वरचं पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही याबद्दल नवीन काय सांगणार. गरम भाकरी आणि ठेचा मिळाला तर उत्तम, पण भजी तळून ठेवलेली असतील तर नको म्हणावं. ताक मात्र घ्यावंच, मीठ घालून. शनिवार-रविवारी आठनंतर वर पोहोचलात तर चव घ्यायला उसंत मिळत नाही. गाड्यांची रांग घाटातच लागलेली असते, आणि उभ्या गाड्यांच्या क्लचचा वास गिळत चढावं लागतं. मंगळवार-बुधवार जमत असेल तर तोच घाट वेगळा वाटतो.

आता उतार. वाहनतळ ते गोळेवाडी साडेपाचशे-सहाशे मीटर खाली यायचं. 80 किलोचं ओझं एवढं उतरवताना सुटणारी ऊर्जा लिटरभर पाणी उकळायला लागते त्यापेक्षा जास्त. तिचा मोठा वाटा ब्रेकमधून जातो. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कड्यावर पॅड दाबणारे ब्रेक, सतत हलके दाबून ठेवले की रिम तापते, आतली हवा फुगते, ट्यूब फुटू शकते. कार्बनच्या रिमवर तर हा प्रयोग करूच नये. सरळ भागात वेग वाढू द्यावा, वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग पाडावा, वळणात सोडावेत. डिस्क ब्रेकलाही हाच नियम, नाहीतर पॅडवर काचेसारखा थर येऊन ब्रेक नुसते किंचाळतात. निघण्याआधी पॅडमधल्या खाचा शिल्लक आहेत का ते पाहावं आणि रबरात रुतलेले खडे काढावेत. हात ड्रॉपमध्ये, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागात, कारण वरच्या हूडवरून ब्रेक दाबताना थकलेली बोटं कमी पडतात.

घाटातले काही टप्पे काँक्रीटचे आहेत. तिथे पकड चांगली, पण सांध्यांवर हादरे बसतात. 28 मिलिमीटरचे टायर, सत्तर किलोच्या स्वाराला सत्तर ते पंचाहत्तर पीएसआय हवेचा दाब, एवढ्यावर हात बधिर होत नाहीत. पावसाळ्यात कडेला शेवाळ, वळणावर वाहून आलेली खडी आणि धुकं. दरड कोसळली की घाट बंदच होतो. जून ते सप्टेंबर ही फेरी फोटोसाठी छान, रोड सायकलसाठी नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी घ्यावी, सोबत उतारासाठी पातळ विंडचीटर. घामानं भिजलेल्या अंगानं नऊ किलोमीटर उतरलं की डोणजेपर्यंत दात वाजतात.

डोणज्यानंतर खडकवासल्याची चौपाटी. सकाळी नऊच्या आधी शांत, सुट्टीच्या दिवशी त्यानंतर कणसाच्या गाड्यांपुढे मोटारी कशाही उभ्या. उभ्या मोटारींपासून हातभर अंतर ठेवावं, दरवाजे न बघता उघडतात. किरकटवाडी, नांदेड फाटा, धायरी हा शेवटचा टप्पा फक्त सहन करायचा. त्यातल्या त्यात उपाय एकच: साडेनऊच्या आत वडगाव ओलांडायचं, म्हणजे स्वारगेटहून पाचला निघायचं आणि गडावर अर्ध्या तासापेक्षा जास्त बसायचं नाही.