शंभर ग्रॅम बेसन: एकट्याचा किराणा मार्टमधून की वाण्याकडून?

पुण्यात कर्वेनगरला खोली घेतली तेव्हा आईनं फोनवरून घरची किराण्याची यादी सांगितली आणि मी ती जशीच्या तशी मार्टमधून उचलून आणली. घरी खाणारी तोंडं पाच, इथे एक. हे ना तिच्या लक्षात आलं, ना माझ्या. त्यानंतर दीड वर्ष मी मार्टचा गिऱ्हाईक होतो, आणि गेली अडीच वर्षं गल्लीच्या टोकाच्या वाण्याचा आहे. नवं बिऱ्हाड मांडणाऱ्याला दोन्हीकडचं थोडंफार सांगण्याइतका अनुभव गाठीला आहे, असं समजतो.

भाव मार्टमध्ये कमी असतात, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. एकदा मुद्दाम एकाच यादीचे दोन्हीकडचे भाव वहीत लिहिले होते: तूरडाळ, तांदूळ, साखर, चहा, तेल, दाणे, साबण. चौदाशेच्या आसपासच्या यादीत वाणी नव्वद रुपयांनी महाग पडला. त्यातले निम्म्याहून जास्त तेल-साबणाचे, कारण छापील किमतीत सूट द्यायची असते हे आमच्या वाण्याला कुणी सांगितलेलंच नाही. डाळ-तांदळात मात्र फरक किरकोळ निघाला. त्याला एक कारण आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या डाळ, तांदूळ, पीठ, रव्यावर 5 टक्के जीएसटी लागतो. पोत्यातून काढून तागडीत मोजून दिलेल्या मालावर लागत नाही. त्यामुळे वाण्याची सुटी डाळ कधीकधी मार्टच्या भावाला येऊन टेकते.

तरीही महिन्याला नव्वद म्हणजे नव्वद. मग मी मार्ट सोडलं कशाला?

बेसनामुळे. एका माणसाच्या पिठल्याला अर्धी वाटी बेसन पुरतं, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. मार्टमध्ये मला बेसनाचा सर्वांत लहान पुडा मिळायचा तो अर्ध्या किलोचा. म्हणजे आठ-दहा पिठली. पिठलं कितीही आवडत असलं तरी एकटा माणूस महिन्यातून दोनदाच करतो, कारण एरवी डबा असतो, बाहेरचं होतं, नाहीतर खिचडीवर भागतं. पुडा चिमटा लावून फडताळात उभा राहतो. मग आषाढ येतो, भिंतींना ओल येते, आणि एका रात्री भुकेच्या वेळी पुडा उघडावा तर आत जाळी धरलेली. रव्याचं तेच. दाण्यांना किडे लागले नाहीत, पण ते खवट झाले. खवट दाण्यांचं कूट एकदा काकडीच्या कोशिंबिरीत घातलं होतं, ती चव अजून विसरलेलो नाही. चाळून, उन्हात घालून वाचवता येतं म्हणतात. माझ्या खिडकीत ऊन येत नाही.

दिवाळीआधी फडताळ आवरताना फेकायचं ते सगळं एका कागदावर मांडलं: बेसन, रवा, दाणे, अर्धा पुडा साबुदाणा आणि भगर (ही का घेतली होती, देव जाणे). बेरीज चारशेच्या जवळ गेली. चार महिन्यांत मार्टनं माझे वाचवले तीनशे साठ. म्हणजे जवळजवळ बरोबरीच म्हणा. पण मार्टमधून यादीबाहेरचं काहीच न घेता परतलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. एकावर एक फुकट मिळालेली सॉसची दुसरी बाटली अजून माझ्याकडे आहे. पाकिटांवर हल्ली ग्रॅममागे किती पैसे पडतात तेही छापलेलं असतं आणि मोठं पाकीट त्यात बहुतेक वेळा जिंकतं. त्यातले किती ग्रॅम आपल्या पोटात जाणार, हे मात्र आपलं आपण काढायचं.

वाण्याकडे पहिल्यांदा शंभर ग्रॅम बेसन मागताना मला लाज वाटली होती. त्यानं मान वर न करता विचारलं, "पिठलं?" आणि पुडी बांधली. तेव्हापासून रवा पावशेर, दाणे पावशेर, गुळाचा खडा दहा-पंधरा रुपयांचा. डबे रिकामे होतात आणि मगच भरतात. ज्वारीच्या पिठाला तर दुसरा मार्गच नाही. पंधरा दिवसांचं पीठ झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना चिरते, आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात वाईट. गिरणीत एक किलो दळायला न्यावं, तर आधीच्याचं पीठ त्यात मिसळून येतं. आमच्या वाण्याचा भाऊ शेजारीच गिरणी चालवतो, त्यामुळे ताजं पीठ अर्धा किलो मिळतं. प्रत्येकाच्या गल्लीत अशी सोय असेल असं नाही, हे कबूल.

वाण्याचे दोषही सांगायला हवेत. डाळ निवडावी लागते, खडे निघतात. बिल तोंडी. दुपारी एक ते साडेचार शटर खाली. हळद-तिखट मी त्याच्याकडचं सुटं घेत नाही, कारण दळलेल्यात काय मिसळलंय ते डोळ्यांना कळत नाही. शंभर ग्रॅमची बंद पाकिटं मिळतात, ती बरी. तेलही बंद पिशवीतलंच. आणि वहीवर खातं उघडू नका. वहीवर घेतलेली बिस्किटं फुकटची वाटतात. महिन्याअखेरीस मला एकदा त्या वहीत माझ्या नावावर अकरा पुडे सापडले.

तेल, साबण, चहा या लवकर न नासणाऱ्या तीन गोष्टींसाठी मी अजूनही दोन महिन्यांतून एकदा मार्टमध्ये जातो. कापडी पिशवी एकच नेतो, ती भरली की बाहेर.

भाजीचं गणित निराळं. हातगाडीवर किलो साठ असली की पाव वीसला मिळते, म्हणजे पावशेरामागे पाच रुपये जास्त. ते मी खुशीनं देतो, कारण किलोभर भेंडी मला संपवता येत नाही. मंडईत स्वस्त मिळते, पण माझ्याकडून जाता-येता बसचं तिकीट धरलं की एकट्याला ते परवडत नाही. शेजारच्या दोघांबरोबर जमत असेल तर जरूर जा.

दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲपं मी ताप आला तेव्हा वापरली, आणि त्या दिवशी ती देवासारखी वाटली. एरवी साठ रुपयांचं दही हवं असतं आणि पोचवण्याचे पैसे वाचवायला दीडशेचं काहीतरी टोपलीत जातं. हिशेब ठेवणाऱ्यानं लांबच राहावं, असं आपलं माझं मत.

वाण्याकडे जाणार असाल तर सकाळी अकराच्या सुमाराला जा. संध्याकाळी सातला दुकानात आठ माणसं उभी असतात, आणि तेव्हा शंभर ग्रॅम मागितलं की त्याचाही चेहरा बदलतो.