तीन खात्यांची कामं, एकच पत्र

मंजूर झालेला सरकारी निधी मिळवण्यासाठी गावानं आधी कुणाच्या खात्यावर पैसे भरायचे नसतात. ही एक गोष्ट मला वेळेवर कळली असती, तर आमच्या गावाचे ३ लाख ६० हजार रुपये वाचले असते. मी निवृत्त शिक्षक, देवस्थान समितीचा खजिनदार. वर्गणी माझ्या हातून गोळा झाली, पावत्यांवर सही माझी आहे. म्हणून हे मीच लिहायला हवं.

आमचं गाव कृष्णेच्या काठी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं घाटावरचं जुनं दगडी मंदिर त्या वेळी कितीतरी दिवस पाण्याखाली होतं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. घाटाच्या पायऱ्या सुटल्या, सभामंडपाच्या एका कोपऱ्यातले दगड सरकले, काठ ढासळत वस्तीकडे येऊ लागला. पंचायतीपासून वरपर्यंत अर्ज करून आम्ही थकलो होतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये एक गृहस्थ आले. मंत्रालयातल्या फायलींचा पाठपुरावा करतो म्हणाले. त्यांच्याकडे मंजुरीच्या सरकारी पत्राची रंगीत प्रत होती: पूरसंरक्षक भिंत, सार्वजनिक सभागृह आणि मंदिराचं जतन, मिळून १ कोटी ८० लाख मंजूर. वर राजमुद्रा, खाली सही, शिक्का आणि शासन निर्णयावर असतो तसा संकेतांक. बोलण्यात ‘पंचवीस-पंधराचं हेड’ (ग्रामविकासाच्या निधीचं लेखाशीर्ष), ‘प्रशासकीय मान्यता’, ‘तांत्रिक मान्यता’ असे शब्द सहज येत होते. राज्य सरकारनं जतनासाठी आठ प्राचीन मंदिरं निवडली आणि त्यांत खिद्रापूरचं कोपेश्वर आहे, हे खरं आहे. त्याच यादीच्या पुढच्या टप्प्यात तुमचं मंदिर आहे, असं त्यांनी सांगितलं. खऱ्याला जोडून सांगितलेलं खोटं आम्हाला ओळखता आलं नाही. आम्ही कागद तपासला नाही, देवळात जाऊन नारळ फोडला.

मग अट आली. दोन टक्के ‘अनामत’ भरा, काम सुरू झालं की परत मिळेल. आणि घाई करा गुरुजी, ३१ मार्चला निधी परत जाईल. ग्रामसेवकाला इतक्यात सांगू नका, फाटे फुटतात.

इथे मला मोकळेपणानं सांगायचं आहे. समितीतल्या काहींना ही अनामत नाही, टक्का आहे, हे कळलं होतं. तरी कुणी हरकत घेतली नाही, कारण टक्का दिल्याशिवाय फाईल हलत नाही असं आपण सगळेच धरून चालतो. त्या समजुतीनंच आम्हाला बुडवलं. पुढे चौकशी केल्यावर कळलं की अनामत निविदा भरणारा ठेकेदार भरतो, गाव नाही. लोकवाटा असलाच तर तो रीतसर पंचायतीच्या खात्यात जातो, कुणा व्यक्तीच्या नावावर नाही. आणि खऱ्या सरकारी माणसानं पैसे मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ क्रमांक आहे.

आठ दिवसांत वर्गणी जमली. एका आजींनी पेन्शनचे दोन हजार आणून दिले. म्हणाल्या, “गुरुजी, देवाच्या पायाशी पाणी येऊ नये, तेवढ्यासाठी घ्या.” त्या पैशांची पावती फाडताना माझा हात थरथरला नाही, याचं आज वाईट वाटतं.

एप्रिल संपला तरी कार्यारंभ आदेश नाही. फोन बंद. शेवटी सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलीनं तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकला. उघडला तो अधिकाऱ्यांच्या बदल्यांचा निर्णय! तिनंच दाखवलं की संकेतांकाची सुरुवात तारखेनं होते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आमच्या पत्रावरची तारीख फेब्रुवारी २०२३ ची आणि संकेतांक आदल्या वर्षीचा. दोन मिनिटांचं काम होतं.

पत्रच मुळात अशक्य होतं. नदीकाठच्या मोठ्या भिंतीचं काम जलसंपदा खात्याचं, गावातल्या सभागृहाचा निधी ग्रामविकासाचा, संरक्षित स्मारकाचं जतन पुरातत्त्व विभागाचं. आमचं मंदिर तर संरक्षित यादीतच नाही. प्रत्येक कामाचं अंदाजपत्रक वेगळं, मान्यता वेगळी, निविदा वेगळी. शिवाय सभागृहासाठी दाखवलेली जागा निळ्या पूररेषेच्या आत होती. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा, आणि नदी व त्या रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधकामाला मनाई असते. दरवर्षी तिथलं पाणी बघणारे आम्ही, तरी कुणी विचारलं नाही की सरकार इथे सभागृह कसं बांधेल.

कळल्यावरही लाजेपायी तीन आठवडे गप्प बसलो. पैसे बँकेतून गेले होते. सायबर आर्थिक फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन केला असता तर कदाचित काही रक्कम अडवता आली असती. पोलिसांत तक्रार केली तेव्हा खातं रिकामं होतं. जमेल तशी मी पेन्शनमधून वर्गणी परत करतो आहे. त्या आजींनी मात्र पैसे घेतले नाहीत.

तुमच्या गावात असा कागद आला असेल, तर पैसे देण्याआधी तो ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. ज्या खात्याचं नाव त्यावर आहे, तिथे कुणीतरी स्वतः जा. वेळ असेल तर माहिती अधिकारात विचारा: अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

त्या गृहस्थांनी आणलेल्या ‘इंजिनिअर’नं फोटोसाठी मंडपाच्या सरकलेल्या कोपऱ्यात सिमेंट भरलं होतं. मूळ सांधा चुन्याचा. चुन्यातून दगडातली ओल बाहेर पडते, सिमेंट ती कोंडून ठेवतं. आता त्या थराच्या कडेनं दगडावर पांढरा क्षार फुटू लागला आहे आणि पापुद्रे सुटताहेत. जाणकार कारागिराशिवाय सिमेंट उकरू नका, दगडच फुटेल, असं आम्हाला सांगितलं आहे. तसा कारागीर अजून मिळालेला नाही.