बिलावरचा ‘स्टाईल’ हा एक शब्द वाचला असता तर 4,200 युरो वाचले असते

आम्ही पॅरिसला राहतो, नवीन घर घेतल्यावर ह्यांना आणि मला फार हौस होती की हॉलमध्ये एक तरी खरी जुनी फ्रेंच वस्तू हवी. एका अँटिकवाल्याकडे चहाचं टेबल दिसलं, दोन मजली, वरचा काचेचा ट्रे उचलून नेता येतो, वळणदार पाय आणि त्यावर सोनेरी ब्राँझची पानं-फुलं, बायकांचे चेहरे. तो म्हणाला 1890 च्या आसपासचं आहे, फ्रान्स्वा लिंकेच्या वर्कशॉपमधलं. लिंके म्हणजे 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात गोल्ड मेडल मिळवलेला कारागीर, मी तर नाव ऐकूनच विरघळले. लिंकेचं टेबल 4,200 युरोत कसं काय देतोय हा हे विचारायचं सुचलंच नाही!

दिवाळीची साफसफाई करताना एका पायाची नक्षी हातात आली. आतला स्क्रू फुलीच्या खाचेचा. हे स्क्रू 1930 नंतरचे, 1890 च्या टेबलात कुठून येणार? नक्षीच्या मागे ओरखडा काढला तर आत राखाडी धातू, ब्राँझ असतं तर पिवळसर दिसलं असतं. जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या एका काकांना घरी बोलावलं, ते म्हणाले हे जस्ताचं ओतकाम आहे वरून सोनेरी रंग दिलेलं, आणि लिंकेच्या ब्राँझवर मागच्या बाजूला बरेचदा एफ एल कोरलेलं असतं ते इथे एकावरही नाही, लाकडावर चिकटवलेला पापुद्रा (विनियर) पण मशीनने काढलेला, कागदासारखा पातळ.

दुकानात गेले तर तो म्हणे मादाम, बिल वाचा. बिलावर ‘स्टाईल लुई पंधरावा’, म्हणजे त्या फ्रेंच राजाच्या काळच्या धाटणीचं, बस. लिंकेचं नाव नाही, साल नाही. इथे 3 मार्च 1981 चा नियम आहे, वस्तूच्या नावापुढे काळ लिहिला, म्हणजे ‘एपोक’ अमुक, तर ती त्याच काळातली असल्याची हमी विकणाऱ्यावर येते, ‘स्टाईल’ लिहिलं की ती हमी नाही. मागितलं तर वस्तूचा काळ, कशाची बनलीये हे सगळं बिलावर लिहून द्यावं लागतं त्याला, पैसे द्यायच्या आधीच मागा, आणि तोंडाने ‘एपोक’ म्हणून कागदावर ‘स्टाईल’ लिहायला लागला तर तिथूनच परत फिरा.

माझ्याकडे त्याचा एक जुना ईमेल सापडलाय, त्यात स्वतःच लिहिलंय ‘लिंके, 1890 च्या सुमारास’. तो आणि काकांचा लेखी रिपोर्ट जोडून परवाच रजिस्टर्ड पत्र टाकलंय, पूर्ण पैसे परत मागितलेत.