पेठेतला गाळा की बाणेरचा? मेन्सवेअरचं छोटं दुकान टाकायच्या आधी

गेल्या काही महिन्यांत चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला, की पुण्यात पुरुषांच्या कपड्यांचं स्वतःचं छोटं बुटीक टाकायचंय, तर लक्ष्मी रोडच्या आसपास, म्हणजे जुन्या पेठांत, गाळा बघू का बाणेर-बालेवाडीच्या नव्या वस्तीत जाऊ. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगत बसलो, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहितो. मी आठ वर्षं नारायण पेठेत दुकान चालवलं आणि आता सहा वर्षं बाणेरला आहे, दोन्हीकडे शटर स्वतः उघडलंय, त्यामुळे यात ऐकीव काही नाही.

आधी एक प्रसंग सांगतो, पेठेतला. एप्रिल महिना, लगीनसराई, दुकान भरलेलं. एक नवरदेव बंदगळ्याच्या ट्रायलला आलेला, अंगावर कच्ची शिलाई, डावी बाही नुसती टाचण्यांवर, मास्तर खडू घेऊन खांद्याची रेघ बघतायत आणि तेवढ्यात बाहेर स्पीकरवर गाडीचा नंबर पुकारला. उचलायचा टेम्पो आला होता. तो तसाच पळाला, टाचण्या लावलेल्या बाहीसकट. गाडी वाचली त्याची, पण परत आला तेव्हा खांद्याचा धागा सुटलेला, कपाळावर घाम, आणि लक्ष सगळं रस्त्यावर. "राहू द्या आता, आहे तसं शिवा," म्हणाला, आणि मी शिवलं. लग्नाचे फोटो त्याने नंतर प्रेमाने दाखवले, त्यात डाव्या खांद्याला पडलेली चुणी मला लांबूनच दिसली. मी त्या दिवशी त्याला अजून दहा मिनिटं थांबवून घ्यायला हवं होतं, ती चूक माझी होती आणि मला ती अजून लागते.

तेव्हापासून जागा बघताना मी एकच गोष्ट आधी बघतो, गिऱ्हाइकाची दुसरी खेप. पहिली खेप कशीही होते हो, नवीन दुकान, इन्स्टावर फोटो पाहिला, मित्राने सांगितलं, माणूस कुठूनही येतो. पण पुरुषांचा कपडा पहिल्या खेपेत पुरा होत नाही. पॅन्टची लांबी करायची असते, शर्टची बाही अर्धा इंच कमी करायची असते, आणि मापाने शिवायचं असेल तर माप, ट्रायल, डिलिव्हरी अशा तीन खेपा धरायच्याच. वाहनावर चालणाऱ्या शहरात यातली प्रत्येक खेप म्हणजे गाडी काढा, ट्रॅफिकमधून या, लावायला जागा शोधा, परत जा. पुण्यात २०१८ सालीच नोंदलेल्या वाहनांचा आकडा ३६ लाखांच्या वर गेला होता, आणि शहराची लोकसंख्या तेव्हा ३५ लाखांच्या आसपास धरत होते. त्यात दुचाक्याच जास्त, पण कपडे घ्यायला कुटुंब निघालं की चारचाकी निघते. म्हणजे गाळा निवडताना खरं तर तुमच्याकडे माणूस दुसऱ्यांदा कसा येणार हे तुम्ही ठरवत असता.

आता पेठ. लक्ष्मी रोड एकेरी, आजूबाजूला सम-विषम तारखेचं पार्किंग, सणाच्या दिवसांत तर पाय ठेवायला जागा नाही, हे सगळ्यांना माहितीये. पण लोक एक गोष्ट विसरतात, की इथे आलेला माणूस ठरवून आलेला असतो. हमालवाड्यात किंवा मंडईच्या पार्किंगमध्ये एकदा गाडी लावली की ती परत हलवायची कुणाची इच्छा नसते, मग आई साडीच्या दुकानात, बहीण तुळशीबागेत, आणि नवरामुलगा, त्याचा भाऊ, वडील तुमच्या दुकानात दोन-दोन तास. एका शेरवानीसाठी आलेलं घर चार कुडते आणि वडिलांचं जाकीट घेऊन जातं. हे मला बाणेरला सहा वर्षांत फार थोड्या वेळा बघायला मिळालंय. शिवाय इथे माणूस चालत असतो, त्यामुळे शोकेस विकते. पुतळ्यावरचा कुडता बदलला की त्याच दिवशी त्याची विचारणा व्हायची, कापडाचा पोतसुद्धा लोक काचेतून बघून आत यायचे.

आणि कारागीर. पेठेतल्या दुकानाचं खरं बळ हेच आहे असं माझं ठाम मत आहे. काज-बटणवाला पाच मिनिटांवर, अस्तर, कॅनव्हास, झिप, बटणं सगळं रविवार पेठेत, कापडगंजात तागे बघून हाताने चोळून घेता येतात, इचलकरंजीचं शर्टिंग घेऊन येणारे एजंट आपणहून दुकानात डोकावतात. संध्याकाळी सात वाजता गिऱ्हाइकाने सांगितलं की उद्या साखरपुडा आहे, तरी सकाळी अकराला जाकीट तयार देता यायचं. ढोल-ताशा पथकांच्या पांढऱ्या कुडत्यांची ऑर्डर गणपतीच्या आधी मिळायची, शंभर-सव्वाशे नग, ती फक्त कारागीर जवळ होते म्हणून झेपली.

पण त्याची किंमत असते. गणपतीत संध्याकाळी रस्ते बंद, विसर्जनाची मिरवणूक तर चोवीस तासांच्या वर चालते, ते दिवस दुकानाच्या हिशोबात धरूच नका. आणि मुख्य म्हणजे तीच दुसरी खेप. एक पॅन्ट आल्टर करून न्यायला कोथरूडचा माणूससुद्धा कंटाळा करायचा, माझ्याकडे तयार होऊन महिना-महिना पडून राहिलेल्या पॅन्टींचा वेगळा कप्पा होता. त्यातले बरेच जण पुढचा शर्ट घ्यायला आले नाहीत. कपडा आवडला नव्हता म्हणून नाही, यायचा त्रास नको म्हणून. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झालं त्याने यात फरक पडलाय, शेजारचे जुने दुकानदार सांगतात की पिंपरी-चिंचवडची गिऱ्हाइकं आता पहिल्यांदा गाडीने, सगळं घर मिळून येतात आणि ट्रायलला एकटा नवरदेव मेट्रोने येतो. मी पेठेत होतो तेव्हा हे असतं तर कदाचित हललोच नसतो. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने पहिल्यांदा लक्ष्मी रोडवर पादचारी दिन केला होता, उंबऱ्या गणपती चौक ते गरुड गणपती चौक वाहनं बंद. रस्त्याच्या मधोमध लोक निवांत चालत होते, दुकानांच्या पाट्या वाचत होते, लहान मुलं खेळत होती. मला मनापासून वाटतं की तो रस्ता त्याच्यासाठीच आहे.

बाणेरला सगळं उलटं. इथे चालत येणारा माणूस म्हणजे वरच्या सोसायटीतला, बाकी सगळे गाडीने, आणि गाडीतल्या माणसाला शोकेस दिसत नाही. मी सुरुवातीला पुतळे, लायटिंग यावर भरपूर पैसे घातले, नंतर कळलं की चाळीसच्या स्पीडने जाणाऱ्याला फक्त पाटी दिसते, तीसुद्धा दोन शब्दांची आणि मोठ्या अक्षरांची असेल तर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रस्त्याची बाजू. कपडे लोक संध्याकाळी ऑफिसमधून घरी जाताना घेतात, त्यामुळे घरी जाणाऱ्या ट्रॅफिकच्या डाव्या हाताला गाळा पाहिजे. समोरच्या बाजूला असाल आणि मध्ये डिव्हायडर असेल तर यू-टर्न घेऊन तीन हजारांच्या शर्टसाठी कोणी येत नाही, गाळा कितीही देखणा असू दे. सिग्नलच्या अगदी अलीकडचा गाळा दिसतो छान, सगळे तिथेच थांबलेले असतात, पण तिथून कोणाला वळून थांबता येत नाही. सिग्नल ओलांडल्यावर जरा पुढचा घ्या. मेन रोडपेक्षा आतला रस्ता मला जास्त पटतो, हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या कामात मेन रोडवरच्या दुकानांसमोर बॅरिकेड किती वर्षं होते ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आतल्या गल्लीमुळे आम्ही वाचलो.

इथलं गिऱ्हाईक पंधरा मिनिटांचं असतं. गाडी समोर लावली, इंडिकेटर चालूच ठेवले, आत आला, दोन शर्ट बघितले, एक घेतला. त्याला दोन तास बसवायचा प्रयत्न करू नका. पण तोच माणूस महिन्याभरात परत येतो, आणि हेच बाणेरचं सोनं आहे. एक आयटीतले साहेब आहेत, त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा पाऊण इंच लांब, कुठलाच रेडीमेड शर्ट त्यांना नीट बसायचा नाही. आमच्या मास्तरांनी पहिल्याच भेटीत टेप न लावता ते ओळखलं, डाव्या बाहीचा कफ उसवून तिथल्या तिथे वीस मिनिटांत बसवून दिला, तोपर्यंत साहेबांनी शेजारी चहा घेतला. गेली चार वर्षं ते दुसरीकडून शर्ट घेत नाहीत. म्हणून बाणेरला शिलाई मशीन आणि मास्तर दुकानातच पाहिजेत, कितीही जागा खाल्ली तरी. अडचण एवढीच की चांगला मास्तर पेठेतून रोज दहा किलोमीटर यायला तयार होत नाही, त्याला पगार जास्त द्यावा लागतो, आणि अस्तर संपलं की रविवार पेठेची एक चक्कर म्हणजे अर्धा दिवस गेला.

पार्किंगबद्दल इथे ब्रोकरवर अजिबात विसंबू नका. "समोरची दोन गाड्यांची जागा तुमचीच" असं प्रत्येक जण सांगतो. मंजूर नकाशा मागा, त्यात दुकानांसाठी व्हिजिटर पार्किंग कुठे दाखवलंय ते बघा, बऱ्याचदा ती समोरची जागा म्हणजे फ्रंट मार्जिन, इमारतीपुढे नियमाने मोकळी सोडायची पट्टी असते, तिथे टाकलेली शेड, पायऱ्या, पाटी महापालिकेची कारवाई झाली की जाते. आणि सोसायटीच्या चेअरमनना करार करायच्या आधी भेटा, नंतर नाही. आमच्या पहिल्या वर्षी वॉचमन दर गिऱ्हाइकाला हटकायचा, ते मिटवायला सहा महिने गेले.

पैशाचं थोडक्यात सांगतो. भाडं रुपयांत मोजू नका, शर्टात मोजा. समजा भाडं ८०,००० आणि एका शर्टमागे हातात ७०० उरतात, तर नुसत्या भाड्यासाठी महिन्याला ११५ शर्ट, म्हणजे २६ दिवस धरले तर रोज चार-पाच, पगार आणि लाइटबिल त्याच्या वर. पंधरा मिनिटांच्या गिऱ्हाइकावर हे जमेल का, का दोन तासांच्या कुटुंबावर, हे आधी ठरवा. दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० पर्यंतच्या कपड्याला जीएसटी ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के आहे. २,५०० चा शर्ट गिऱ्हाइकाला २,६२५ ला पडतो आणि २,६०० चा ३,०६८ ला, म्हणजे तुम्ही शंभर वाढवले की त्याच्या खिशातून ४४३ जातात. बाणेरच्या माझ्या रेंजमध्ये मी म्हणूनच २,५०० ते ३,००० मधले शर्ट ठेवणं बंद केलं. लग्नाच्या कपड्यात हा फरक माणूस कुरकुर करून सोसतो, रोजच्या शर्टात नाही. कंपोझिशन स्कीम, म्हणजे छोट्या दुकानदारांसाठीची जीएसटीची सोपी योजना, घेणार असाल तर राज्याबाहेर माल विकता येत नाही, इन्स्टावरून बेंगळुरूला शर्ट पाठवायचं स्वप्न असेल तर ती घेऊ नका.

कागदपत्रांत पेठेत पागडीचा गाळा असेल, म्हणजे जुन्या भाडेकरूला रक्कम देऊन त्याचा हक्क घ्यायचा असेल, तर मूळ मालकाची लेखी संमती हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि वाडा पुनर्विकासाला जाणार आहे का ते शेजारी चौकशी करून बघा. बाणेरला बहुतेक लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीचा वापराचा करार, जास्तीत जास्त ६० महिने, ते नोंदवायची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, "नोंदवायची काय गरज" म्हणणारा मालक असेल तर उठून या. फर्निचर पाच वर्षांनी सोबत नेता येईल असंच करा.

मॉलबद्दल फार लिहीत नाही. पार्किंग उत्तम, गिऱ्हाईक एसीत निवांत, पण भाड्याशिवाय मेंटेनन्स, वेळा त्यांच्या, सेल त्यांच्या, आणि शेजारी मोठे ब्रँड अर्ध्या किमतीत विकत असताना एकट्या माणसाचं दुकान टिकणं मी तरी पाहिलेलं नाही. जंगली महाराज रोडचे फुटपाथ सुंदर झालेत, डेक्कनचं मेट्रो स्टेशनही जवळ, परवडत असेल तर जरूर बघा.

मग कोणी काय करावं? तुम्हाला शेरवानी, बंदगळा, कुडता-जाकीट करायचं असेल, मापाचं काम आवडत असेल तर डोळे झाकून पेठ, पण मंडई स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत, आणि पहिल्या मजल्यावर गेलात तरी चालेल, ठरवून येणारा माणूस जिना चढतो. ट्रायल सकाळी अकरा ते एक एवढ्याच ठेवा, वेळ देऊन, तेव्हा रस्ता त्यातल्या त्यात मोकळा असतो, आणि शेवटची डिलिव्हरी स्वतःच्या माणसाकरवी घरी पाठवा, तो खर्च किमतीत धरा. रोजचे शर्ट, चिनो, लिननच्या पॅन्टी, ऑफिसचं ब्लेझर करायचं असेल तर बाणेर, आतला रस्ता, डावी बाजू, नकाशातलं पार्किंग, दुकानात मास्तर. दोन्ही एका दुकानात करायला जाऊ नका, मी पेठेत असताना चिनोचे साइज सेट भरून ठेवले होते, ३२ आणि ३४ गेले, बाकीचे पुढच्या दिवाळीपर्यंत कपाटात.

आणि टोकन देण्याआधी एक काम करा. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता घरून एक पॅन्ट पिशवीत घालून त्या गाळ्यापर्यंत स्वतःच्या चारचाकीने जा, गाडी लावा, गाळ्याच्या दारात दहा मिनिटं उभे राहा आणि घरी या. मंगळवारी तीच पिशवी घेऊन परत जा. मंगळवारी निघताना तुम्हालाच जिवावर आलं, तर तो गाळा सोडा.