ड्रम सोडावेत की सोबत न्यावेत? शुल्त्से आणि ग्रोसकॉप्फ यांच्या दोन वाटा

बँडमधल्या ड्रमरला एकट्याने इलेक्ट्रॉनिक संगीत करावंसं वाटलं, की आधी प्रश्न येतो ड्रमसेटचा. तो मागे ठेवायचा की सोबत न्यायचा? सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनीतल्या दोन ड्रमरनी याची दोन उत्तरं दिली. तुम्ही या वळणावर असाल तर सॉफ्टवेअर निवडण्याआधी ती ऐका.

क्लाउस शुल्त्से 'टॅन्जरीन ड्रीम' या बँडच्या पहिल्या अल्बमवर (१९७०) आणि 'अश रा टेम्पल' या बँडच्या पहिल्या अल्बमवर (१९७१) ड्रम वाजवतो. १९७२ साली त्याचा एकल अल्बम 'इरलिश्त' आला आणि त्यात ड्रम नाहीतच. सिंथेसायझरही नाही. बिघडवून हवा तसा करून घेतलेला इलेक्ट्रिक ऑर्गन आणि ऑर्केस्ट्राच्या तालमीची उलटी फिरवलेली टेप, मुख्यतः एवढ्यावर त्याने वीसहून अधिक मिनिटांचा पहिला भाग उभा केला. ठेका नाही, तरी तो ढिला पडत नाही. कुठला स्वर किती वेळ धरायचा, नवा थर नेमका कधी आणायचा, हे कळणारा कान त्यामागे आहे आणि मला तो ड्रमरचाच कान वाटतो. 'टाइमविंड' या अल्बमपर्यंत (१९७५) लय परतली, पण सीक्वेन्सरमधून, म्हणजे ठरवून दिलेले स्वर आपोआप फिरवत वाजवणाऱ्या यंत्रातून.

हाराल्ड ग्रोसकॉप्फ हा 'वालेनश्टाइन' या रॉक बँडचा ड्रमर होता. त्याचा पहिला एकल अल्बम 'सिंथेसिस्ट' १९८० सालचा. मिनिमूग हा सिंथेसायझर, सीक्वेन्सर, आठ ट्रॅकचा रेकॉर्डर आणि जोडीला स्वतःचे ड्रम. रचना आटोपशीर, चाली लक्षात राहणाऱ्या. सीक्वेन्सरची आवर्तनं एकसारखी फिरत राहतात आणि त्यांच्यावर हाताने वाजवलेला ड्रम श्वास घेतो. मला हा अल्बम फार प्रिय आहे.

दोघांची गाठ पडते ती शुल्त्सेच्या 'मूनडॉन' या अल्बममध्ये (१९७६). तिथे ड्रमवर ग्रोसकॉप्फ आहे. त्यातली 'माइंडफेझर' ही रचना बराच वेळ ठेक्याविना तरंगत राहते आणि मग ड्रम येतात. तुमची वाट कोणती, हे इथे कळेल. पहिल्या भागात तुम्ही रमलात तर शुल्त्सेची. ड्रमची वाट पाहत बसलात तर ग्रोसकॉप्फची.

व्यवहाराचं बोलायचं तर शुल्त्सेची वाट फ्लॅटमध्ये जमते. हेडफोन लावून रात्रभर काम करता येतं. मात्र स्वरांचं, हार्मनीचं शिक्षण जवळजवळ पहिल्यापासून घ्यावं लागतं आणि मंचावर शरीराला कामच उरत नाही. अनेक ड्रमरना हे जड जातं. ग्रोसकॉप्फच्या वाटेला खोली हवी, माइक हवेत, शेजाऱ्यांची तयारी हवी. शिवाय सीक्वेन्सर तुमचं ऐकत नाही. बँडमध्ये सगळे मिळून थोडे पुढे सरकतात, इथे फक्त तुम्हीच सुटता. क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, हात पक्का बसला नसेल तर आधी तेवढंच करा.

बहुतेक ड्रमरना मी दुसरी वाट सुचवेन, कारण वर्षानुवर्षांच्या रियाजाने हातात आलेलं ती वाया जाऊ देत नाही. जागेची अडचण असेल तर सॅम्पलिंग पॅडवर (आघात केल्यावर साठवलेले आवाज वाजवणारं इलेक्ट्रॉनिक पॅड) सुरुवात करा, झांजांची नजाकत त्यात पूर्ण येत नाही तरीही. पण ठेका धरून इतरांना सांभाळण्याचाच कंटाळा आला असेल, तर सेट झाकून ठेवा आणि एक लांब स्वर धरून बसा. पहिल्या तुकड्यात एकही आघात घेऊ नका.